रविवारी घेतलेलं नाव

टाकेआजी गेल्याचं कळलं तेव्हा पहारवाला विहिरीच्या तळाशी होता.

शाळेमागची ही विहीर सगळ्या वस्तीची. उन्हाळा अजून निम्माही सरला नव्हता आणि तिच्यात घोट्याएवढा चिखल तेवढा उरला होता. आणखी पुरुषभर खडक फोडल्याशिवाय झरा लागायचा नाही, असं त्यानंच सांगितलं होतं, आणि मग ते काम साहजिकच त्याच्या गळ्यात पडलं होतं. आयुष्यभर त्यानं विहिरीच खणल्या. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला कळायचं नाही, म्हणून काम नसलं तरी तो खांद्यावर पहार टाकून हिंडायचा. त्यावरून त्याला सगळे पहारवाला म्हणायचे. वर रहाटावर त्याचा मुलगा आणि तेलघाणीवरचे दोन गडी होते. त्यांची थट्टा चालली होती, की म्हातारा असाच खाली जात राहिला तर खालच्या बाजूनं बाहेर निघेल आणि तिकडचे लोक त्याला जेवायला बसवून घेतील. पहारवाला खालून ऐकत होता आणि दगड पाटीत भरत होता.

रहाट मध्येच थांबला. भरलेली पाटी त्याच्या डोक्यावर हलत राहिली. तो भिंतीला चिकटून उभा राहिला.

"बाबा, वर या," मुलगा म्हणाला.

"आधी पाटी ओढ. डोक्यात घालतोस का माझ्या?"

पाटी वर गेली. मग मुलाचं डोकं पुन्हा काठावर दिसलं. "या वर. टाकेआजी गेली."

पहारवाल्याच्या मनात पहिल्यांदा आजी आली नाही. कोणाला काय काय कळलं असेल, हे आलं. त्याची त्याला तिथंच, चिखलात उभ्या उभ्या लाज वाटली. पण आलं ते आलं. त्यानं पहार खडकाच्या खोबणीत उभी केली, दोर कमरेला बांधला आणि वर ओढून घ्यायची खूण केली.

काठावर शेळीवाली उभी होती. ती पलीकडच्या गावची. चारा राहिला नाही म्हणून या उन्हाळ्यात शेळ्या घेऊन इकडे ओढ्यापर्यंत यायची. मुलगा आणि गडी यांना जे सांगून झालं होतं तेच तिनं पहारवाल्याला पुन्हा सांगितलं. सकाळी ती चुन्याच्या जुन्या भट्टीकडून शेळ्या घेऊन चालली होती. उतारावर कोणाचं तरी वाळत घातलेलं कापड उडून पडलंय असं तिला वाटलं. जवळ गेली तर आजी. हातात कळशी होती. ओढ्यातल्या खड्ड्याकडे निघाली असावी. थंडीभर ती तिथलंच चाचपत भरायची म्हणे. तो खड्डा तर आता आटला, पण तिला दिसत कुठं होतं.

"मी बाटलीतलं द्यायचे तिला कधी कधी," शेळीवाली म्हणाली. "पण मी काय रोज नसते तिकडे. मी म्हटलंही, आजी, वस्तीत जाऊन कोणाला तरी सांगते. तर मला म्हणाली, अजिबात सांगू नकोस. माझी चिमणी येते. आता जमलं नसेल तिला. तू जाऊन सांगशील आणि उगाच चारचौघांत तिला बोल लागेल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चिमणी कोण हो तिची? तिला कळवायला पाहिजे."

गड्यांनी मुलाकडे पाहिलं. मग मुलगा म्हणाला, "माझी आई. ती थंडीतच गेली."

शेळीवालीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "मग आजीला हे कोणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असेल की," तेलघाणीवरचा एक गडी म्हणाला. "म्हातारं माणूस, विसरलं असेल. हे बाबा जात होते ना तिच्याकडे."

पहारवाला दोर सोडत होता. गाठ ओली झाली होती, सुटत नव्हती. तो गाठीकडेच बघत राहिला.

*

वस्तीत चर्च लहान आणि मंडळी त्याहून लहान. पण त्यांची एक पद्धत होती आणि ती कसोशीनं पाळली जायची. रविवारी प्रार्थनेच्या वेळी पाळक विचारायचे, आज कोणाकोणाची नावं आहेत. मग एकेकानं उभं राहून घराबाहेर न पडू शकणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं. नुसतं नाव घेऊन भागायचं नाही. ज्यानं नाव घेतलं त्यानं आठवडाभर त्या दारात जायचं, पाणी भरायचं, चूल पेटवून द्यायची, चार शब्द बोलायचे. प्रार्थना तोंडानं सुरू झाली तरी संपली पाहिजे हातानं, असं पाळक म्हणायचे. आणि एकानं नाव घेतलं की दुसऱ्यानं तिथं जायचं नाही. गेलं तर पहिल्यावर विश्वास नाही असं दिसायचं. यावरून एकदा दोन घरांत अबोला झाला होता.

टाकेआजीचं नाव कित्येक वर्षं पहारवाल्याची बायको घेत आली होती. आजीनं साऱ्या वस्तीचे कपडे शिवले. तिचा टाका उसवायचा नाही. डोळे गेल्यावर शिवण सुटलं, नाव राहिलं. धान्य तिला मंडळीकडून वर्षाचं मिळायचं आणि चाचपत चाचपत ती स्वतःचं शिजवायची. अडायचं ते पाण्याला. पहारवाल्याची बायको संध्याकाळी कळशी घेऊन भट्टीजवळच्या आजीच्या खोलीकडे जायची आणि परत यायला नको तितका वेळ लावायची. दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत. नातवंडं असलेल्या बाईला आजी चिमणी म्हणून हाक मारायची आणि तिलाही ते आवडायचं.

शेवटच्या आजारात, ताप डोक्यात गेला होता तरी, तिनं त्याला विचारलं होतं. आजीचं पाणी नेशील ना. नेतो, तू पडून राहा, असं तो म्हणाला होता. त्या वेळी त्याला ते फार सोपं वाटलं होतं.

*

आजीला आणायला ते चौघं गेले. मुलगा, दोन गडी आणि तो. तिचं वजन काहीच नव्हतं. चौघांची गरज नव्हती, पण चौघांनी चार बाजू धरल्या. कळशी पहारवाल्यानं उचलली. तिच्या तोंडाशी माती लागली होती. आत काही नव्हतं. आतली बाजूही पूर्ण सुकलेली होती, हात घातला तर बोटांना धूळ लागली.

आजीला खोलीत आणून खाटेवर ठेवलं आणि बाकीचे पाळकांना बोलवायला आणि सुताराला पेटीचं सांगायला गेले. पहारवाला एकटा उंबऱ्यावर बसला. या उंबऱ्यावर तो एकदाच आला होता.

बायकोला माती दिल्यावर थोड्याच दिवसांत तो कळशी भरून घेऊन आला होता. आजी दारातच बसली होती, मांडीवर जुना सदरा घेऊन शिवणीवरनं बोट फिरवत. कळशीचा आवाज ऐकून तिचं तोंड उजळलं. किती दिवस लावलेस गं चिमणे, म्हणाली. बरी आहेस ना. तो उभाच राहिला. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज काढला असता तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते त्यानं तोवर स्वतःच्या तोंडानं कोणालाही सांगितलेलं नव्हतं. वस्तीत सगळ्यांना मुलानंच कळवलं होतं, आजीचं तेवढं त्याच्यावर राहिलं होतं. आजी म्हणाली, बोलत का नाहीस, रागावलीस का माझ्यावर. त्यानं कळशी तिवईवर ठेवली, रिकामी होती ती उचलली आणि निघाला. आयुष्यभर धाडधाड पाय टाकत चाललेला माणूस चोरासारखा चवड्यांवर चालत उतार उतरला. मागून ती दोनदा हाक मारत होती.

उद्या पाळकांना घेऊन येऊ, ते सांगतील, असं त्यानं वाटेत ठरवलं. उद्याचं परवा झालं. मग विहिरींची कामं लागली. ज्याच्या त्याच्या विहिरीनं तळ गाठला होता आणि जो तो त्याच्या दारात येऊन बसायचा. सून एकदा म्हणाली, बाबा, तुम्ही दमून येता, आजीची कळशी मी नेत जाईन. तो तिच्यावर खेकसला. ते तुझ्या सासूचं काम आहे, मी बघतो, म्हणाला.

आणि रविवारी त्यानं नाव घेतलं. घ्यायचं असं काही ठरवलं नव्हतं. पाळकांनी नावं विचारली आणि सगळ्यांची नजर सवयीनं त्याच्या बायकोच्या बाकाकडे गेली. ती रिकामी जागा त्याला बघवेना. तो उभा राहिला आणि बायको म्हणायची तसंच म्हणाला, टाकेआजीसाठी. बायकांनी डोळे पुसले. त्यानंतर एकही रविवार त्यानं चुकवला नाही. नाव घेताना त्याला खरंच बरं वाटायचं. क्षणभर ती शेजारी उभी आहे असं वाटायचं. आणि त्यानं नाव घेतलं म्हणून दुसरं कोणी भट्टीकडे फिरकलं नाही.

*

कबर त्यानंच खणली. मुलानं कुदळ उचलली होती, ती त्यानं काढून घेतली. जमीन उन्हानं अशी कडक झाली होती की पहार आपटली की ती उसळून खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. पाळकांनी जागा दाखवली ती त्याच्या बायकोच्या कबरीला लागून. दोघींचा इतका जीव होता, शेजारी राहू देत, म्हणाले. तिच्यावरची माती अजून पुरती बसली नव्हती. खणताना त्या बाजूचा भुसभुशीत भाग थोडा ढासळून नव्या खड्ड्यात आला. तो त्यानं हातानं गोळा करून परत वर लावला.

मुलगा काठावर पाणी घेऊन आला. पहारवाल्यानं तांब्या हातात घेतला आणि तसाच परत दिला.

"प्या की," मुलगा म्हणाला. "तोंड बघा कसं झालंय."

"नंतर."

"उन्हात चक्कर येऊन पडाल. मग आणखी एक खणायला लागेल मला."

त्यानं पुन्हा पहार उचलली. मुलानं तांब्या काठावर ठेवला आणि निघून गेला. पाणी उन्हात तापत राहिलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर माती दिली. पाळकांनी तहानेल्याला पाणी देण्याबद्दलचा उतारा वाचला. मग ते बोलायला लागले आणि बोलता बोलता पहारवाल्याकडे वळले. म्हणाले, आपल्यातला एक माणूस स्वतःचं दुःख गिळून दुसऱ्याच्या दारात जात राहिला. या म्हातारीला शेवटपर्यंत एकटं वाटलं नसेल, तर ते यांच्यामुळे. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. सुताराची बायको हळूच त्याच्या हाताला हात लावून गेली. त्याच्या हातांवर पहारीनं फोड आले होते, काही फुटले होते, आणि बघणाऱ्याला तेही त्याच्याच चांगुलपणाचं दिसलं असेल.

हीच वेळ होती. खाली बघून एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं मूठभर माती उचलली आणि पेटीवर टाकली.

शेळीवाली कुंपणाबाहेर उभी होती. आत ये म्हणून कोणीतरी म्हटलं, पण शेळ्या सोडून कशी येऊ म्हणाली. ती पहारवाल्याकडे बघत होती. तिला कळलं होतं की नाही, ते तिच्या तोंडावरून समजलं नाही.

घरी सुनेनं ताट वाढलं आणि समोर बसली. मुलगा हातपाय धुवायला मागे गेला होता.

"बाबा," ती म्हणाली, "कळशी खुंटीला कोरडी असायची. मी बघत होते."

"हं."

"पहिल्यांदा वाटलं, कामावरूनच दुसरी भरून नेत असाल. मग कळलं. कळल्यावरही मी गेले नाही. तुम्ही चिडला होतात ना, म्हणून." ती थोडी थांबली. "मला राग तुमचा आला होता आणि तहानलेली ती राहिली."

"तुझं काही नाही त्यात."

"असं म्हणून माझं हलकं होत नाही, बाबा."

मुलगा हात पुसत आत आला आणि म्हणाला, काय चाललंय. काही नाही, जेव, असं सून म्हणाली.

*

रविवारी सांगायचं, हे पहारवाल्यानं ठरवलं होतं. माती देताना नाही जमलं ते ठीक, पण रविवारी उभं राहून सांगायचं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. मी नाव घेत होतो, जात नव्हतो. त्यात अवघड असा एकही शब्द नव्हता.

पाळकांनी नावं विचारली तसा तो उभा राहिला. सगळे त्याच्याकडे मायेनं बघत होते. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मान वळवून बघत होत्या, त्यातल्या एकीनं तर त्याला मानेनं धीर दिला. त्यानं बाकाची पाठ धरली. "टाकेआजी," म्हणाला, आणि तिथंच अडला. पुढचा शब्द येईना. चर्चमध्ये कोणीतरी हुंदका दिला. त्याच्यासाठी दिला.

पाळक खाली उतरून आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा," म्हणाले. "आम्हाला कळतं."

तो बसला. त्या हाताखाली बसण्याइतकी नामुष्की त्याला कधी वाटली नव्हती. एकदा ऐन उमेदीत त्यानं खणलेल्या विहिरीला पाणी लागलं नव्हतं आणि मालकानं त्याला माणसांसमोर हाकलून दिलं होतं. तेही याहून बरं होतं. तिथं निदान जे झालं होतं त्याच्याबद्दल बोलणी बसली होती.

मग पाळक म्हणाले, एक नाव उघडं पडलंय. वखारीमागचा गवंडी. परांचीवरून पडून त्याचे दोन्ही पाय गेले होते. त्याचं नाव शाळेतले मास्तर घ्यायचे, त्यांची बदली झाली. "हे नाव कोणाच्या हाती द्यावं, ते मला वेगळं सांगायला नको," असं म्हणून पाळकांनी पहारवाल्याकडे पाहिलं. माणसं समाधानानं हलली. सुनेनं मान खाली घातली.

पहारवाला उभा राहिला आणि म्हणाला, "गवंड्यासाठी." ते मात्र अडखळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाण्याआधी त्यानं आजीची कळशी घासली. चिंधी आणि राख घेऊन आतून-बाहेरून घासली, भरली आणि वखारीमागे गेला. खोलीत लाकडाच्या भुशाचा वास होता. गवंडी खिडकीशी गादीवर बसला होता, दाढी वाढलेली, दंड अजून भक्कम.

"ये," गवंडी म्हणाला. "बरं झालं आलास. दार उघडं ठेवलं की मला वाटतं, मी पळूनबिळून जाईन."

पहारवाल्यानं जुनं पाणी ओतून मडकं विसळलं, कळशीतलं पाणी त्यात घातलं, चूल पेटवली. गवंडी त्याच्याकडे कामगार कामगाराचं काम बघतो तसा बघत होता. लाकडं उलटी लावलीस, एवढं एकदा म्हणाला. मग म्हणाला, "नशीबवान आहे बाबा मी. आजीचं एवढं करणारा माणूस मला मिळाला. पाळक काल येऊन सांगून गेले."

पहारवाला चुलीपुढून उठला.

"मी तिचं काही केलं नाही," तो म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात."

"तसं नाही. मी नाव घेत होतो, जात नव्हतो. एकदा गेलो, तेव्हा तिच्याशी न बोलता पळून आलो. ती पाण्यावाचून गेली."

वाक्य निघालं होतं. खोलीत काही बदललं नाही. गवंड्याच्या तोंडावरची थट्टा तेवढी गेली.

"का नाही गेलास?"

"तिला माझी बायको गेलेली माहीत नव्हती. सांगावं लागलं असतं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

गवंड्यानं दोन्ही हातांनी स्वतःचे पाय उचलून नीट ठेवले, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. "मग मला तू पाणी आणशील कशावरून?"

"कशावरूनच नाही," पहारवाला म्हणाला. "म्हणून सांगतोय. एक दिवस जरी आलो नाही तरी खिडकीतून ओरड. वखारीत माणसं असतात. माझं नाव घेऊन ओरड, काय केलं मी ते सांग. आजीसारखं मला सांभाळून घेऊ नकोस."

"मी कशाला सांभाळतोय तुला. मला शिव्या चिकार येतात."

"दे."

"हे मंडळीत सांगितलंस?"

पहारवाल्यानं कळशी उचलली. "नाही."

"सांगणार?"

"काम आहे विहिरीवर," तो म्हणाला आणि निघाला. दारातून बाहेर पडल्यावर मागून गवंड्याचा आवाज आला, "हे उत्तर नव्हतं रे."

*

विहिरीला पाणी लागलं. खडकाच्या एका भेगेतून हाताच्या बोटाएवढी धार आली आणि वरचे गडी नाचले. पहारवाल्याला दोरानं वर घेतलं तेव्हा बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि त्याला पहिला तांब्या मान म्हणून दिला. तो त्यानं प्यायला.

गवंड्याकडे तो रोज जातो. त्याला जमलं नाही तर सून जाते, आणि तो आता तिला अडवत नाही. एकदा पाय मुरगळून तो उशिरा पोचला तर गवंड्यानं खरोखरच खिडकीतून अशा शिव्या घातल्या की वखारीतले लोक काम टाकून बाहेर आले. पहारवाल्याला ते ऐकून बरं वाटलं. शनिवारी निघताना गवंडी दर वेळी विचारतो, उद्या सांगणार का. पहारवाला हो म्हणतो. सोमवारी गवंडी त्याच्या तोंडाकडे बघतो आणि विचारत नाही.

पाळक अजूनही बोलण्याच्या ओघात त्याचं उदाहरण देतात. कबरस्थानात दोन्ही कबरींवरची माती आता सारखीच दिसते. रविवारी चर्चमधून निघाल्यावर तो तिथं जाऊन दोघींच्या मध्ये उभा राहतो. बायकोला काय सांगायचं ते तिला ठाऊक असेल असं त्याला वाटतं. आजीला चिमणी गेल्याचं सांगायचं राहिलं, ते कायमचं राहिलं. मंडळीला सांगायचं अजून हातात आहे, आणि ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.